हाताची खूण आणि अर्थाचे उत्तरदायित्व

१

विसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाच्या क्षेत्रात एक उलटा प्रवास सुरू झाला. संगणकीय प्रतिमेच्या आगमनाबरोबर छायाचित्राचे युग संपले, असे प्रतिपादन विल्यम मिचेल यांच्यासारखे अभ्यासक १९९२मध्ये करीत होते. त्याच सुमारास काही छायाचित्रकार एकोणिसाव्या शतकातील अंधारखोलीकडे परतू लागले होते. ओल्या कोलोडियनची काच, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद, सायनोटाइपची निळाई, प्लॅटिनमचे मुद्रण आणि गम बायक्रोमेटचे एकावर एक चढविलेले रंगथर, या सर्व विस्मृत प्रक्रिया पुन्हा हाताळल्या जाऊ लागल्या. लाइल रेक्सर यांनी २००२मध्ये या चळवळीवर ग्रंथ लिहिला आणि तिच्यातील कलावंतांना जुन्याचे वेड असलेले अग्रदल ठरविले. पुढे २००९मध्ये कोडॅक्रोम फिल्मचे उत्पादन थांबले, २०१२मध्ये ईस्टमन कोडॅकला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला आणि कालपर्यंत सामान्य असलेली वस्तू दुर्मीळतेच्या प्रतिष्ठेस पोहोचली.

या पुनरुज्जीवनाला आक्षेप घेण्याचे कारण नाही. एखाद्या कलावंताने मुद्दाम कष्टाची वाट निवडली तर ती त्याची निवड होय. आक्षेप आहे तो या कृतींभोवती उभ्या राहिलेल्या समीक्षेला. ही समीक्षा तीन विधानांवर तोललेली दिसते. हाताने घडविलेले छायाचित्र एकमेव असल्यामुळे यांत्रिक पुनरुत्पादनाने नष्ट झालेली 'आभा' त्यात परत येते, हे पहिले विधान. रासायनिक छायाचित्राला वस्तूवरून आलेल्या प्रकाशाचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला असल्याने ते संगणकीय प्रतिमेहून सत्याच्या अधिक निकट असते, हे दुसरे. आणि यंत्राने माणसापासून हिरावून घेतलेले श्रम येथे पुन्हा त्याच्या हाती येतात, हे तिसरे. पहिल्या विधानासाठी वॉल्टर बेन्यामिन, दुसऱ्यासाठी चार्ल्स पर्स व रोलाँ बार्थ आणि तिसऱ्यासाठी मार्क्सपासून रस्किनपर्यंत सोयीचा कोणीही साक्षीला बोलावला जातो. तिन्ही विधाने सिद्धान्ताच्या पेठेतून उसनी आणलेली आहेत आणि ही उसनवारी करताना मूळ मालकाला विचारलेले नाही.

हा केवळ संदर्भांच्या अचूकतेचा वाद असता तर तो तळटीपांमध्ये मिटविता आला असता. परंतु या तीन विधानांच्या आश्रयाने एक जुना अन्याय सौंदर्याच्या नावाखाली पुन्हा प्रतिष्ठित होतो आहे. म्हणून त्यांची तपासणी क्रमाने करणे आवश्यक ठरते.

२

प्रथम आभेचा प्रश्न. बेन्यामिन यांच्या १९३०च्या दशकातील यांत्रिक पुनरुत्पादनावरील निबंधाचा उल्लेख या समीक्षेत पदोपदी आढळतो. त्याआधी १९३१मध्ये त्यांनी छायाचित्रणाच्या इतिहासावर लिहिलेल्या छोट्या निबंधाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो, आणि झालाच तर अर्धवट. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांच्या काळातील व्यक्तिचित्रांना आभा होती, असे बेन्यामिन तेथे म्हणतात. एवढे वाचून पुस्तक मिटले की हस्तनिर्मितीचे समर्थन हाती लागते. पुढे वाचल्यास ते निसटते. त्या आरंभीच्या चित्रांतील आभा हाताच्या कौशल्यातून आलेली नाही. मंद रसायनांमुळे लागणारा दीर्घ प्रकाशनकाळ, त्या काळात कॅमेऱ्यासमोर स्थिर राहावे लागणारे माणूस आणि उदयाला येत असलेल्या वर्गाचा स्वतःवरील विश्वास यांच्या जुळणीतून ती आली. तंत्र आणि विषय हे दोन्ही एकाच ऐतिहासिक क्षणाचे होते.

तो क्षण सरला, भिंगे अधिक प्रकाश घेऊ लागली आणि आभा विरली. त्यानंतर, म्हणजे १८८०नंतर, छायाचित्रकारांनी रिटचिंगच्या सर्व क्लृप्त्या वापरून, आणि त्यातही विशेषतः गम मुद्रणाच्या साहाय्याने, ही गेलेली आभा खोटी उभी करण्याचा खटाटोप केला, असा बेन्यामिन यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. ज्या प्रक्रियेच्या गौरवासाठी त्यांना आज साक्षीला आणले जाते, तिच्यावरच त्यांनी आभेच्या बनावटीचा आरोप ठेवलेला आहे. साक्षीदार उलटला असे म्हणण्याची सोय नाही, कारण तो या बाजूचा कधीच नव्हता.

गम मुद्रणाची प्रक्रिया लक्षात घेतली की हा आरोप नेमका कशावर आहे ते कळते. अरबी डिंकात रंगद्रव्य व पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून तो लेप कागदावर दिला जातो. निगेटिव्हमधून प्रकाश पोहोचेल तेथे डिंक घट्ट होतो. उरलेला पाण्यात धुऊन जातो. धुताना कुंचल्याने, पाण्याच्या धारेने, बोटाने हवा तो भाग पुसता वा राखता येतो. रोबेर दमाशी आणि त्यांच्या समकालीन चित्रसदृशतावाद्यांना ही प्रक्रिया प्रिय झाली ती यामुळेच: छायाचित्र चित्रासारखे, आणि म्हणून कलेसारखे, दिसू शकत होते. ही मुभा गैर नाही. मात्र तिच्यातून मिळते ती चित्रकलेकडून घेतलेली प्रतिष्ठा होय. तिला आभा म्हणणे म्हणजे उसन्या शालूला माहेरचा म्हणून मिरविण्यासारखे आहे.

याच निबंधात बेन्यामिन यांनी युजीन अत्जे यांचा गौरव केला आहे आणि तो गौरव वस्तूला आभेपासून मुक्त केल्याबद्दलचा आहे. अत्जे काचेच्या निगेटिव्हवर काम करीत, आणि विसाव्या शतकात नवे कागद सहज मिळत असतानाही दीर्घकाळ अल्ब्युमेनच्या कागदावर सूर्यप्रकाशात स्वतःच्या हाताने मुद्रणे काढीत. जुनी प्रक्रिया, हाताचे काम, आणि परिणाम आभेच्या नेमका विरुद्ध! प्रक्रियेच्या पोटात आभा साठविलेली असते, या समजुतीस एवढे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

३

दुसरे विधान निर्देशक चिन्हासंबंधीचे आहे. धूर जसा अग्नीचा, पाऊलखूण जशी चालणाऱ्याची, तसे छायाचित्र वस्तूचे निर्देशक चिन्ह होय, हा पर्स यांच्या चिन्हमीमांसेतून निघालेला विचार रोझलिंड क्राउस यांनी १९७७मध्ये कलासमीक्षेत रुजविला. बार्थ यांनी १९८०मध्ये छायाचित्रावरील आपल्या अखेरच्या ग्रंथात 'ते होते' या प्रतीतीलाच छायाचित्राचे सार मानले आणि छायाचित्राचा शोध चित्रकारांनी लावला नसून रसायनशास्त्रज्ञांनी लावला, असे आवर्जून नोंदविले. हस्तनिर्मितवादी समीक्षेला हे वाक्य फार आवडते. परंतु रसायनाचे नाव घेतल्यावर रसायन काय करते हे पाहण्याची जबाबदारीही येते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडविणे, चित्र घेणे आणि ते प्रकट करणे ही सारी कामे लेप वाळण्याच्या आत, काही मिनिटांतच, उरकावी लागत. हा लेप निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळा असतो. त्यामुळे निळे आकाश मुद्रणात पांढरेफटक येते, ढग नाहीसे होतात. तांबूस कांती असावी त्याहून गडद उमटते. जमीन आणि आकाश दोन्ही एकाच काचेवर धरणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५७च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध सागरदृश्यांत समुद्राची एक निगेटिव्ह आणि आकाशाची दुसरी निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून एकच मुद्रण काढले. हेन्री पीच रॉबिन्सन यांचे १८५८मधील मरणोन्मुख तरुणीचे चित्र पाच निगेटिव्हांतून साकारले. संगणकाने छायाचित्राला खोटे बोलायला शिकविले, ही तक्रार करणाऱ्यांनी हे सन एकदा डोळ्यांखालून घालावेत. ल ग्रे यांना लबाड म्हणणे मूर्खपणाचे होईल. त्यांचे आकाश खरेच आकाश होते. फक्त ते त्या समुद्रावरचे नव्हते.

अंधारखोलीत घडते ते अर्थनिर्णयन असते. अॅन्सेल अॅडम्स निगेटिव्हला संगीताच्या स्वरलिपीची आणि मुद्रणाला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचे त्यांचे १९४१मधील चित्र याची साक्ष देते. आरंभीच्या मुद्रणांत आकाशात फिकट ढग दिसतात. पुढील दशकांत ते आकाश काळेभोर होत गेले. १९४८मध्ये तर अॅडम्स यांनी निगेटिव्हच्या पुढील भागावर रसायन वापरून तिची घनता वाढविली. 'ते होते' यातील 'ते' नेमके कोणते, ढगाळ आकाश की काळे? प्रकाशाचा स्पर्श निगेटिव्हला एकदाच झाला. वाचने मात्र अनेक झाली.

शिवाय आजची हस्तनिर्मिती ज्या शुद्धतेचा दावा करते ती व्यवहारात शिल्लकच नाही. प्लॅटिनम, सायनोटाइप, गम या प्रक्रिया मुख्यतः अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि इतक्या मंद असतात की एन्लार्जरखाली त्यांचा निभाव लागत नाही. म्हणून जेवढे मुद्रण हवे तेवढ्याच आकाराची निगेटिव्ह कागदाला भिडवावी लागते. ही मोठी निगेटिव्ह आता अनेकदा संगणकावर तयार करून इंकजेट मुद्रकाने पारदर्शक फिल्मवर छापली जाते. डॅन बर्कहोल्डर यांनी या पद्धतीचे मार्गदर्शक पुस्तक १९९५मध्येच लिहिले. यात लपविण्यासारखे काहीच नाही. परंतु ज्या कलाकृतीच्या मध्यभागी संगणक बसला आहे, तिच्या प्रशंसेत संगणकाला हद्दपार करणारे सिद्धान्त मांडणे म्हणजे पाहुण्याला ताटावर बसवून त्याच्या नावाने बोटे मोडण्यासारखे आहे.

जॉन टॅग यांनी १९८८मध्येच दाखवून दिले होते की, निर्देशक संबंधातून अर्थाची कोणतीही हमी मिळत नाही. छायाचित्राला पुरावा बनवितात त्या संस्था: पोलीस, न्यायालय, रुग्णालय, अभिलेखागार. स्पर्श घडला, हे मान्य. साक्ष कोण घेते आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

४

हा प्रश्न तिसऱ्या विधानाकडे नेतो, आणि खरा वाद येथेच आहे. 'हात' असे एकवचनी, निनावी आणि निष्पाप नाम या समीक्षेत सर्वत्र वावरते. हा हात कोणाचा?

लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार यांनी १८५१मध्ये लीलजवळ छायाचित्रमुद्रणाचा कारखाना काढला. तेथे कागद तयार करणे, मुद्रण, धुणे, चिकटविणे अशी कामाची वाटणी होती आणि ते करणाऱ्यांत प्रामुख्याने स्त्रिया होत्या. मॅक्सिम द्यू कां यांच्या इजिप्त-पॅलेस्टाइनच्या प्रवासाचा १८५२मधील छायाचित्रसंग्रह तेथे छापला गेला; त्यावर नाव द्यू कां यांचे आहे. पुढे अल्ब्युमेन कागदाच्या उत्पादनाचे केंद्र ड्रेस्डेन झाले. १८८८च्या सुमारास तेथील एका मोठ्या कारखान्यात दिवसाला ६०,००० अंडी लागत. ती फोडून पांढरे वेगळे काढण्याचे काम हातांनीच होई आणि ते हात कामगार स्त्रियांचे असत. आज कलादालनात ज्या अल्ब्युमेन मुद्रणाकडे यंत्रयुगाला दिलेला नकार म्हणून पाहिले जाते, ते आपल्या काळात पूर्णपणे औद्योगिक उत्पादन होते. डाग्युरोटाइप प्रकट करताना निघणारी पाऱ्याची वाफ, कोलोडियन चित्र स्थिर करण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम सायनाइड, गम मुद्रणातील कर्करोगकारक डायक्रोमेट या साऱ्यांची किंमत कोणत्या तरी देहाने मोजलेली आहे. त्या देहाची नोंद आभेच्या भाषेत कोठेही होत नाही.

याच प्रक्रियांचा वसाहतीतील इतिहास अधिक बोलका आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे पर्व मुंबईत घडले. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. १८५५मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. नारायण दाजी सोसायटीचे सदस्य होते आणि हरिश्चंद्र चिंतामण त्या वर्गात शिकून नावारूपाला आले. म्हणजे येथील सुशिक्षितांनी हे तंत्र फार लवकर आत्मसात केले होते. परंतु त्याच शहरात विल्यम जॉन्सन यांनी जो ग्रंथ सिद्ध केला, तो हस्तकौशल्याच्या गौरवकर्त्यांनी अवश्य पाहावा. मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची चित्रे असलेला हा ग्रंथ १८६३ आणि १८६६मध्ये दोन खंडांत लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यातील माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आहेत, पार्श्वभूमीची दृश्ये वेगळी. मुद्रणात ती एकत्र आणली आहेत. माणसाला त्याच्या जागेवरून उचलून, त्याला जातीचा नमुना ठरवून, मग शोभेल अशा जागेवर नेऊन उभे केले आहे. ल ग्रे यांनी आकाशाबाबत केले तेच येथे माणसांबाबत झाले. तंत्र तेच, नैतिक अर्थ मात्र सर्वस्वी भिन्न.

पाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ निघाला. त्याच्या प्रत्येक संचात ४६८ अल्ब्युमेन मुद्रणे हातांनी चिकटविलेली आहेत आणि त्यांच्यासोबतच्या मजकुरात समूहांच्या स्वभावाचे, राजनिष्ठेचे, गुन्हेगारीचे निवाडे दिलेले आहेत. हाताने लेपलेला कागद, हाताने काढलेले मुद्रण, हाताने लावलेली खळ. आणि या साऱ्या हस्तव्यवहारातून उभी राहिलेली राज्यसत्तेची नोंदवही.

अमेरिकेत एडवर्ड कर्टिस यांनी १९०७ ते १९३० या काळात तेथील मूलनिवासींवर वीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील १९१०च्या एका चित्रात पीगन जमातीचे दोघे जण तंबूत बसलेले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्यांच्यामध्ये एक घड्याळ होते. प्रसिद्ध झालेल्या चित्रात ते नाही. रिटचिंग करणाऱ्या हाताने ते काढून टाकले. लोप पावणाऱ्या जमातीजवळ घड्याळ असणे सोयीचे नव्हते. एका लोकसमूहाला वर्तमानकाळातून बाहेर काढायला एवढेच हस्तकौशल्य पुरले.

या पार्श्वभूमीवर आज आदिवासी, भटके वा कष्टकरी यांची ओल्या कोलोडियनवर व्यक्तिचित्रे काढली जातात आणि समीक्षा त्यांच्यातील 'कालातीतते'वर लुब्ध होते, तेव्हा नेमके काय होते? काचेच्या कडांवरचे ओघळ, गडद झालेली कांती, दीर्घ प्रकाशनामुळे स्तब्ध झालेले डोळे या साऱ्यामुळे समोरचा आजचा माणूस दीडशे वर्षे मागे ढकलला जातो. घड्याळ पुसण्याची गरजच उरत नाही. ते काम रसायन परस्पर करते. त्याला कालातीत म्हणणारी समीक्षा कर्टिस यांच्या रिटचिंगला सिद्धान्ताचा हातभार लावीत असते.

आणि त्याच वेळी दुसरा एक हात तिच्या दृष्टीआड राहतो. तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या बुजविणारा, काळ्या-पांढऱ्या फोटोंत ओठांचा, शालूचा रंग भरणारा, लाल दिव्याखाली आयुष्य काढून हायपोचा वास अंगावर वागविणारा कारागीर अलीकडेपर्यंत महाराष्ट्रात सर्वत्र होता. डिजिटल यंत्रे आली आणि त्याचे काम गेले. त्याच्या श्रमात कोणाला आभा दिसली नाही. हाताच्या कामाची प्रतवारी जातीने ठरविण्याची सवय असलेल्या समाजात 'हात' या शब्दाचा सरसकट गौरव करणे म्हणजे कोणता हात कलावंताचा आणि कोणता कामगाराचा, हा प्रश्न न विचारताच निकाली काढणे होय.

५

यावर प्रतिपक्षाचे एक उत्तर संभवते आणि ते हलके नाही. आभा सोडा, सत्य सोडा. मंद आणि हट्टी माध्यमाशी झगडताना कलावंताला अवधानाची शिस्त लागते, पदार्थाचा विरोध त्याला शिकवितो, असे कोणी म्हणेल. हे मान्य केले पाहिजे. ओल्या काचेशी काम करणाऱ्याला घाई करता येत नाही, तसेच समोर बसलेल्या माणसालाही काही सेकंद त्या कामात सहभागी व्हावे लागते. परंतु अवधान कशाकडे, हे प्रक्रिया ठरवीत नाही. जॉन्सनही अवधानाने काम करीत होते.

हे दाखविणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण अंधारखोलीच्या आतूनच मिळते. नव्हाहो, म्हणजे दिने, समाजातील छायाचित्रकार विल विल्सन यांनी २०१२मध्ये एक उपक्रम सुरू केला. साधन कोलोडियनचेच, पत्रा टिनटाइपचाच आणि रोख उघडपणे कर्टिस यांच्या वारशाला उत्तर देण्याचा. मात्र विल्सन मूळ टिनटाइप चित्र देणाऱ्या व्यक्तीला देऊन टाकतात आणि तिच्या संमतीने स्वतःजवळ केवळ त्याची संगणकीय नक्कल ठेवतात. एकमेव वस्तू, जिच्यात आभा असल्याचे सांगितले जाते ती, चित्रविषय झालेल्या माणसाच्या घरी जाते. कलावंताजवळ राहते ती प्रत. हस्तनिर्मितवादी समीक्षेचे सारे मूल्यमापन येथे उलटे होते. रसायन तेच, गडद कांती तीच, ओघळही तेच. बदलला तो व्यवहार, आणि व्यवहार बदलल्याबरोबर अर्थ बदलला.

यातून समीक्षेसाठी जो धडा निघतो तो मराठी अभ्यासकांना परका वाटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती उभी केली, तिच्यामागे एक साधी शिस्त होती. कोणतीही पोथी केवळ जुनी वा देखणी आहे म्हणून प्रमाण मानली गेली नाही; प्रत कोणत्या प्रांतातून आली, कोणत्या परंपरेतील आहे, पाठ कोठे बदलला, भर कोठे पडली, हे तपासले गेले आणि नाकारलेले पाठही तळाशी नोंदविले गेले. निगेटिव्ह आणि तिच्यापासून निघालेली मुद्रणे यांना हीच शिस्त लावता येते. काच कोणी लेपली, आकाश कोठून आणले, घड्याळ कोणी पुसले, मजकूर कोणी लिहिला, मूळ प्रत आज कोणाजवळ आहे, आणि ज्याचे चित्र आहे त्याच्याजवळ काय उरले? या प्रश्नांची उत्तरे देणारी समीक्षा प्रक्रियेला खऱ्या अर्थाने गंभीरपणे घेईल. आजची समीक्षा प्रक्रियेचे नाव घेते आणि तिच्यासमोर उदबत्ती लावते.

पोथीचे पान पिवळे पडले आहे, म्हणून त्यावरील पाठ खरा ठरविणाऱ्या संपादकाला विद्वानांच्या सभेत कोणी आसन दिले नसते. छायाचित्राच्या समीक्षकाला मात्र ओघळ आणि डाग दाखवून सत्य, आभा आणि श्रमप्रतिष्ठा ही तिन्ही एकदम सिद्ध करण्याची सवलत मिळालेली आहे. ती काढून घेण्याची वेळ आली आहे. कागदावर हाताची खूण उमटली आहे, हे कोणालाही दिसते. तो हात कोणाचा आणि त्याने काय पुसले, हे सांगणे समीक्षेचे काम आहे.